हार्ड डिस्कच्या जागी दुधी

“घड्याळाचा कसा असतो, संचिताबेन, जो माणूस त्याला फार सांभाळतो ना, त्याचाच घड्याळ पहिला बंद पडतो.”

तळमजल्यावरच्या गुणवंतभाईंनी हे वाक्य संचिता घागला ऐन दसऱ्याच्या सकाळी ऐकवलं होतं. ती पहिल्या मजल्यावरच्या आपल्या घरात, सेफ्टी डोअर उघडं टाकून, कॉम्प्युटरची पूजा करत होती आणि गुणवंतभाई गच्चीवर कबुतरांना दाणे टाकून जिना उतरत होते. गिरगावात चाळीस वर्षं घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवलेला माणूस. तो बोलला तर घड्याळाबद्दलच बोलणार. संचिताने मात्र ते वाक्य मनात दोनदा घोळवलं. ही सूचना आहे की धमकी, हे तिला ठरवता येईना. शेवटी तिने “हो हो” म्हणून ते झटकलं आणि कुंकवात बोट बुडवलं.

तसा तिचा स्वभाव संशयी नव्हता. म्हणजे, ती तसं सांगायची. ती मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. झालेली. डोळ्यांना दिसत नाही म्हणजे तिथे काही नाही असं समजू नये, हे तीन वर्षं सूक्ष्मदर्शकात डोळा घालून शिकलेली. लग्नानंतर दादर सोडून सिल्व्हर पार्क वसाहतीत आली तेव्हा ते शिक्षण तिने बिल्डिंगला लावलं. वॉचमन किती वाजता बदलतो, गॅसवाला बेल एकदा वाजवतो की दोनदा, समोरच्या विंगेतला मिशीवाला गॅलरीत उभा राहून नक्की कुठे बघतो, सगळं तिच्या नजरेत असे. नवरा साईराज मस्कतला कंपनीत, घरात सासूबाई आणि दीड वर्षाची सान्वी. अशा घरात कुणीतरी एकाने जागं राहायला हवंच. सासूबाई, म्हणजे सुगंधाबाई, रत्नागिरीच्या. त्यांना जगात वाईट माणूस भेटलाच नव्हता, आणि भेटला असता तर त्यांनी त्याला आधी जेवायला वाढलं असतं.

तर पूजा. टॉवर, मॉनिटर, मिक्सर, शिलाई मशीन, सगळ्यांना कुंकवाचं ओलं बोट, हळद, चार अक्षता आणि झेंडूचं फूल. हार्ड डिस्कला जरा जास्तच. ती काळी, पत्त्यांच्या कॅटएवढी डबी संचिताने शेवटी हातात घेतली, उलटसुलट करून मनोभावे हळदकुंकू वाहिलं, वर चांगल्या चिमूटभर अक्षता सोडल्या, नमस्कार केला, सान्वीच्या जुन्या दुपट्यात गुंडाळली आणि कपाटात साड्यांच्या दोन थरांमध्ये ठेवून दिली. कुलूप लावलं. किल्ली साखरेच्या डब्यात.

एवढी बडदास्त का, तर त्या डबीत सान्वीचं बारसं होतं. साईराज मस्कतला गेला तेव्हा सान्वी पोटात होती. बाप झालेला माणूस पोरीला फक्त सायबर कॅफेतल्या कॅमेऱ्यावर, थांबत थांबत हलणाऱ्या चित्रात बघत आला होता. बारशाचं शूटिंग संचिताच्या भावाने, पिंटूने, केलं होतं. सव्वा तासाचं बारसं, मेलने पाठवण्याजोगं नव्हतंच. पिंटूने ते हार्ड डिस्कवर घातलं, मग कॅमेऱ्यातल्या त्याच टेपवर कुठल्यातरी मित्राची हळद शूट केली, आणि पुढे संचिताच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला म्हणून तोही धुऊनपुसून रिकामा करून दिला. मदत करायला गेलेल्या भावाने किती गोष्टी पुसल्या, याचा हिशोब कुठल्याच बहिणीने करू नये. सारांश, अख्ख्या पृथ्वीवर सान्वीचं बारसं त्या एका डबीत उरलं होतं.

डिस्क विकणाऱ्या सूरजने तेव्हाच म्हटलं होतं, “ताई, एक कॉपी सीडीवर पण काढून ठेवा.” त्याच्या मागे कोऱ्या सीडींची चळत होती. संचिताने ती बघितली आणि योग्य तो अर्थ काढला.

साईराज दिवाळीला, शनिवारी, पोचणार होता. फोनवर त्याने बजावून ठेवलं होतं, “आल्यावर आधी अंघोळ नाही, जेवण नाही. आधी बारसं.”

म्हणून सोमवारी दुपारी, सान्वी झोपल्यावर, संचिताने जरा बघून ठेवावं म्हणून डबी काढली. फडक्याने पुसली. वायर लावली. डबीवरचा निळा दिवा लागला. आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळा फुगा वर आला. त्याचा मराठीत मथितार्थ असा, की बाई, काहीतरी लावलेलं आहे, पण ते काय आहे हे मी ओळखत नाही.

संचिता त्या फुग्याकडे बघत राहिली. दीड वर्ष ज्याच्याशी व्यवहार केला त्याने भर दुपारी ओळख दाखवू नये, हे तिला कॉम्प्युटरबद्दल तरी अपेक्षित नव्हतं.

तिने वायर काढून लावली. मागच्या भोकात लावली, पुढच्या भोकात लावली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. टेबल पुढे ओढून, पाठीमागची धूळ झाडून, शिंकून, परत लावली. दर वेळी फुगा वर येई आणि दर वेळी तेच म्हणे. सासूबाई भाजणी चाळता चाळता दारात आल्या.

“काय गो, बिघडला?”

“ओळखत नाहीये.”

“कोण कोणाला?”

“कॉम्प्युटर. हार्ड डिस्कला.”

“मग दृष्ट लागली असेल,” सासूबाई म्हणाल्या, आणि मीठमोहऱ्या आणायला गेल्या. संचिताने त्यांना थांबवलं नाही. दृष्टीवर तिचा विश्वास नव्हता, पण ‘लागली’ म्हटल्यावर कोणाची, हा प्रश्न आपोआप आला आणि तो तिच्या अभ्यासक्रमातला होता.

कामवाली गिरिजा दर बुधवारी कपाट पुसते, पण कपाटाला कुलूप असतं. तिसऱ्या मजल्यावरची रसिका गणपतीत आरत्यांची गाणी पेन ड्राइव्हवर घेऊन आली होती, आणि कोणाचाही पेन ड्राइव्ह म्हणजे कोणाचाही टूथब्रश. शिवाय गुणवंतभाई. गेल्या महिन्याभरात त्यांनी तिला तीनदा विचारलं होतं, “ते बारशाचा पिक्चर सांभाळून ठेवला आहे ना?” एकदा दुधाच्या रांगेत, एकदा लिफ्ट बंद होती तेव्हा जिन्यात, एकदा चक्क वरच्या मजल्यावरून खाली वाकून. दुसऱ्याच्या पोरीच्या बारशात या म्हाताऱ्याला एवढा रस का? मुलांच्या बाबतीत पेपरात काय काय येतं ते ती वाचत होती. तिसऱ्यांदा विचारलं त्या दिवसापासून तिने सान्वीला त्यांच्या सेफ्टी डोअरसमोर हात हलवायलाही बंदी केली होती. गंमत म्हणजे सासूबाई त्याच घरी दर गुरुवारी भाजीचा डबा पाठवायच्या. गुणवंतभाईंची बायको, हंसाबेन, वारल्यापासूनचा तो नेम. बिनकांद्यालसणाची भाजी जायची आणि डबा कधी रिकामा परत यायचा नाही. साखर, चार खारका, नाहीतर मूठभर शेंगदाणे. संचिता ते शेंगदाणे उजेडात धरून बघायची.

मंगळवारी ती सान्वीला कडेवर आणि डिस्कला दुपट्यात घेऊन सूरजच्या दुकानात गेली.

“ठेवून जा ताई, उद्या या.”

“मी थांबते.”

“वेळ लागेल.”

“माझ्याकडे आहे.”

‘गृहिणींनो, सावधान’ या लेखात तिने वाचलं होतं, की दुरुस्तीला दिलेल्या यंत्रांतून घरगुती फोटो कुठच्या कुठे जातात. तेव्हा तिने सूरजला सरळ सांगितलं, की डिस्क माझ्या हातातच राहील. सूरजने आयुष्यात पुष्कळ गिऱ्हाइकं बघितली होती. तो बिचारा काउंटरवरून वाकून, तिच्या मुठीतल्या, दुपट्यात गुंडाळलेल्या डबीचं टोक चाचपडत वायर खुपसू लागला. नर्सने घाबरलेल्या पोराच्या तोंडात चमचा घालावा तसं.

“थोडं दुपटं बाजूला करता?”

“एवढं दिसतंय की.”

“वायर पूर्ण जात नाहीये बहुतेक.”

“घरी पण तशीच जाते,” संचिता ठामपणे म्हणाली.

त्याने तीन वायरी बदलल्या. त्याच्या कॉम्प्युटरवरही तोच पिवळा फुगा आला, तेव्हा संचिताला एवढं तरी समाधान वाटलं, की घरचा कॉम्प्युटर एकटाच उलट्या काळजाचा नाही. सूरज म्हणाला, आता डिस्क उघडून बघावी लागेल, त्यासाठी हा फॉर्म. फॉर्मवर लिहिलं होतं, की आतली माहिती गेल्यास दुकान जबाबदार राहणार नाही. संचिताने तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, उलटून पाठ वाचली, आणि सहीच्या जागी सान्वीने पेनाने रेघ ओढू नये म्हणून तो परत केला.

“सूरज, डॉक्टर ऑपरेशनच्या आधी असं लिहून घेतात.”

“तेच तर, ताई.”

“आणि मग माणसं जातात.”

सूरजने फॉर्म परत गठ्ठ्यात ठेवला. मागे रांगेत दोन गिऱ्हाइकं होती. त्यातला एक म्हणाला, “मॅडम, वॉरंटी में डाल दो ना.”

बुधवारी वॉरंटी. कंपनीच्या फोनवर आधी बराच वेळ सनई वाजली, मग एका मुलीने गोड आवाजात बिल नंबर, खोक्यावरचा नंबर आणि ज्याच्या नावावर बिल आहे त्याचा अर्ज मागितला. बिल साईराजच्या नावावर, साईराज मस्कतला, खोक्यात सान्वीची लाकडी फळं.

“मान लो सब मिल गया,” संचिताने विचारलं, “तो फिर?”

“फिर आपको बिलकुल नई डिस्क मिलेगी, मॅडम.”

“और पुरानीवाली का अंदर का?”

“अंदर का कुछ नहीं मिलेगा. लेकिन डिस्क एकदम नई मिलेगी.”

संचिताने फोन ठेवला. हे म्हणजे पोर हरवलं म्हणून सांगायला जावं आणि समोरच्याने दुसरं ताजं देतो म्हणावं, तसं झालं. त्याच संध्याकाळी साईराजचा फोन आला. त्याने विचारलं, “बारसं तयार?” ती म्हणाली, “तू ये तर खरा.” नवऱ्याशी खोटं बोलायचं नाही हा तिचा नियम होता, आणि वाक्य नीट तपासलं तर त्यात खोटं काहीच नव्हतं.

फोन ठेवल्यावर ती सान्वीच्या पाळण्याच्या रिकाम्या हुकाकडे बघत बसली. त्या हुकाला बारशाच्या दिवशी झेंडूच्या माळा होत्या, खाली बायकांचा गराडा होता, साईराजच्या मावशीने नाव ठेवलं होतं. ते सगळं झालं होतं याला आता पुरावा म्हणून हा हुकच शिल्लक होता.

गुरुवारी रसिका चकलीचा सोऱ्या मागायला आली आणि उपाय घेऊनच आली. तिच्या ऑफिसात कोणीतरी केला होता म्हणे. हार्ड डिस्क आत गरम होऊन चिकटते, तिला दोन तास फ्रीजमध्ये ठेवायचं, की सुटते.

“फ्रीजमध्ये?”

“फ्रीझरमध्ये म्हणतात. पण तू खालीच ठेव, तुला टेन्शन येतं.”

हे खरं होतं. संचिताने डिस्क आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग दुपट्यात, मग स्टीलच्या डब्यात बंद केली आणि डबा मधल्या फळीवर ठेवला. डबा लग्नातला. मामाकडून आलेल्या सहा एकसारख्या डब्यांतला एक, प्रत्येकावर ‘सौ. संचिता’ कोरलेलं. घड्याळात बघितलं, सव्वाबारा. सान्वीला भरवलं, झोपवलं, स्वतःही तिच्याशेजारी जरा लवंडली. दाराच्या आवाजाने मध्येच जाग आली. सासूबाई पेणकरपाड्याला भजनाला निघाल्या होत्या आणि गिरिजा भांडी घासून खाली जात होती.

सव्वादोनला तिने फ्रीज उघडला, डबा काढला, झाकण उघडलं.

आत दुधीची भाजी होती.

आता, वाचकाच्या जे लक्षात आलं ते संचिताच्याही लक्षात यायला काहीच हरकत नव्हती. पण संशयाची दृष्टी लांबची असते. नाकासमोरचं तिला दिसत नाही. संचिताच्या डोळ्यांपुढे क्षणात सगळा कट उभा राहिला. घरात कुणीतरी शिरलं. त्याला डिस्क फ्रीजमध्ये आहे हे ठाऊक होतं. त्याने ती शिताफीने काढून घेतली, आणि डबा हलका लागून संशय येऊ नये म्हणून त्यात दुधी भरून ठेवला. किती थंड डोक्याचा माणूस असेल. दुधीसुद्धा शिजवलेला.

तिने फ्रीजचा प्रत्येक डबा उघडला. भिजवलेले वाटाणे, साय, भाजणीच्या पिठाचा गोळा. सासूबाईंकडे मोबाइल नव्हता. गिरिजाचा बंद होता. रसिका ऑफिसला गेली होती, आणि फ्रीजची कल्पना कोणाची होती तर रसिकाची.

तिने सान्वीला कडेवर घेतलं, दुधीचा डबा हाताच्या खुणा पुसल्या जाऊ नयेत म्हणून नॅपकिनमध्ये धरला, आणि रिक्षा करून चौकी गाठली.

चौकीत एक हवालदार पुढ्यात रजिस्टर घेऊन बसले होते. त्यांनी खुर्ची दाखवली, सान्वीला बिस्किट दिलं. संचिताने ते बिस्किट बघून, वास घेऊन, मग सान्वीला दिलं.

“काय गेलं?”

“हार्ड डिस्क.”

“कुठून?”

“फ्रीजमधून.”

हवालदारांचं पेन थांबलं. “फ्रीजमध्ये कशाला, खराब होऊ नये म्हणून?”

“खराब झाली होती म्हणून.”

त्यांनी थोडा विचार केला आणि तो भाग लिहिला नाही. “कुलूप तोडलं?”

“नाही.”

“दुसरं काही गेलं? दागिना, मोबाइल?”

“नाही. उलट हे ठेवून गेले.” तिने डबा टेबलावर ठेवला.

“कोणावर संशय?”

त्यांनी तिला कागद दिला. त्यावर ‘संशयित’ या शब्दापुढे एक ओळ होती. संचिताने पहिलं नाव गुणवंतभाईंचं लिहिलं, मग रसिका, मग गिरिजा, मग सूरज, वॉचमन, समोरचा मिशीवाला. ओळ संपली तशी ती समासात वळली. हवालदार मान वाकडी करून वाचत होते.

“अजून एक कागद देऊ?”

“नको, सध्या एवढेच.”

मग त्यांनी डब्याचं झाकण उघडलं. वास घेतला. हा माणूस दुपारचा जेवला नसावा.

“वास चांगला आहे. पण लसूण नाही दिसत.”

“नाही, त्यांच्यात चालत नाही,” संचिता म्हणाली.

“कोणाच्यात?”

संचिताची नजर डब्यावरून कागदातल्या पहिल्या नावावर गेली.

हवालदार घाईत नव्हते. “भाजी केली कोणी?”

“सासूबाईंनी.”

“कोणासाठी?”

“खाली... गुणवंतभाईंसाठी. गुरुवारचा डबा.”

“हे पहिलं नाव लिहिलंय ते?”

“हो.”

“असे डबे किती आहेत घरात?”

“सहा. एकसारखे.”

हवालदारांनी पेनाचं टोपण लावलं, झाकण डब्याला लावलं आणि दोन्ही तिच्याकडे सरकवलं, कागदासकट. “आमच्याकडे पण असंच आहे मॅडम. मागे मी एकदा डब्यात शिलाईची रिळं घेऊन ड्युटीवर आलो. जा घरी. भाजी तेवढी पोचवा, माणूस उपाशी असेल.”

परतीच्या रिक्षात काशीमीऱ्याच्या ट्रकच्या गर्दीत अडकलेल्या संचिताला शरम वाटायला हवी होती. ती वाटायला नुकती सुरुवात झालीच होती, तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की यादीतल्या पहिल्या नंबरच्या माणसाकडे आपली हार्ड डिस्क गेले तीन तास एकटी आहे. शरम मागे पडली. “भैया, जरा जल्दी,” ती म्हणाली.

तळमजल्याचं हिरवं सेफ्टी डोअर नुसतं लोटलेलं होतं. खिडकीपाशी टेबल, टेबलावर दिवा, आणि त्या उजेडात सान्वीचं दुपटं पसरून त्यावर ठेवलेली हार्ड डिस्क. गुणवंतभाई डोळ्यात घड्याळजीचं भिंग अडकवून, हातात बारीक चिमटा घेऊन तिच्यावर वाकले होते.

“काय करताय तुम्ही?” संचिताचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

गुणवंतभाईंनी मान वर केली नाही. नुसता डावा हात उचलला. “एक मिनिट, संचिताबेन. श्वास पण नको घेऊ.”

ती थांबली. सान्वीही थांबली. चिमटा डबीच्या त्या बारक्या खाचेत, जिथे वायर बसते तिथे, शिरला आणि हळूच बाहेर आला. त्याच्या टोकाला काहीतरी होतं. गुणवंतभाईंनी ते दुपट्यावर ठेवलं आणि भिंग काढून तिच्यापुढे धरलं.

मायक्रोबायोलॉजीची पदवीधर वाकली. भिंगातून अर्धा तांदूळ दिसत होता. लाल-पिवळा.

“हा आत बसला होता,” गुणवंतभाई म्हणाले, “आणि कंकू. चांगला घट्ट, लेपासारखा. लाइट जात होती, बाकी कायपण जात नव्हता. माझ्या दुकानात दशेऱ्यानंतर आठ दिवस हेच काम. लोक पूजा करतात, मशीन खाऊन टाकते.”

संचिताला दसऱ्याची सकाळ आठवली. ओलं बोट, हळद, चिमूटभर अक्षता, उलटसुलट करून, मनोभावे. आणि वर ‘घरी पण तशीच जाते’.

“पण तुम्ही हे... उघडलंत कसं?”

“गिरिजा डबा घेऊन आली. उघडला तर भाजीच्या जागी हा. मला वाटला सुगंधाबेनने रिपेअरला पाठवला. तोंडाने बोलायला लाज वाटते तिला.” ते जरा थांबले. “भाजी नाही आली म्हणून वाटलं, दिवाळीचा काम आहे घरात, जमला नसेल. मी खाखरा खाल्ला.”

संचिताने दुधीचा डबा टेबलावर ठेवला. दुसऱ्या मुठीत तो कागद होता.

“हातात काय आहे?”

“यादी,” ती म्हणाली. “सामानाची.” आणि कागदाची इतकी बारीक घडी केली, की ती पुढे तिलाही सापडली नाही.

वर आल्यावर तिने वायर लावली. या वेळी ती टक करून, मुळापर्यंत गेली. कॉम्प्युटरने टुणटुण केलं. फुगा नाही. खिडकी उघडली आणि त्यात पिंटूच्या हातचं नाव दिसलं, ‘सान्वी बारसं फायनल’. संचिताच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने धूळ गेल्यासारखं पुसलं.

गुणवंतभाई दारापर्यंत आले होते. चपला काढल्या होत्या, पण आत येत नव्हते.

“या ना,” संचिता म्हणाली. हे दोन शब्द ती त्यांना वर्षभरात पहिल्यांदा म्हणत होती.

“नको. एक विचारू? ते मध्ये हंसा गाते ना, हालरडं, आमच्यातली अंगाई. तेवढं लावशील? बघायला नको. ऐकायला.”

संचिताचा हात माउसवर तसाच राहिला. दुधाची रांग, बंद लिफ्ट, वरच्या मजल्यावरून वाकून. ते बारशाचा पिक्चर सांभाळून ठेवला आहे ना?

तिने पट्टी पुढे सरकवली. नाव ठेवून झालं, बायका हसल्या, आणि मग कुणीतरी म्हणालं, हंसाबेन, तुमच्यातलं म्हणा काहीतरी. चित्रात हंसाबेन नव्हत्याच. नेमकं त्याच वेळी पिंटूने कॅमेरा घुगऱ्यांच्या पातेल्याकडे वळवला होता आणि पुढची अडीच मिनिटं तो तिथून हलला नव्हता. वाफाळलेले हरभरे, त्यातला डाव, आणि त्यावरून जाणारा एक किंचित कापरा, पण सुरातला आवाज, पाळण्याच्या झोक्यावर पुढेमागे होणारा.

गुणवंतभाईंनी मान जराशी तिरकी केली. चाळीस वर्षं घड्याळ कानाला लावून ऐकायची तशी. डोळे मिटलेले. सान्वी त्यांच्याकडे बघून हात हलवत होती आणि संचिताने तिचा हात धरला नाही. हालरडं संपलं, हरभरे राहिले. गुणवंतभाईंनी डोळे उघडले.

“बरोबर चालतंय,” ते म्हणाले, आणि चपला घालून खाली गेले.

सासूबाई भजनाहून आल्या तेव्हा त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की फ्रीजमधला डबा गिरिजाच्या हातात देताना जरा जड लागला खरा, पण त्यांना वाटलं दुधीला पाणी फार सुटलंय. रात्रीच्या आत रिकामा डबा वर आला. रिकामा म्हणजे, साखर भरून. संचिताने ती उजेडात न धरता चहात टाकली.

शनिवारी साईराज आला, दारातच बॅग टाकून बारसं बघायला बसला आणि पाळणा हलायच्या आत रडला. घुगऱ्या आल्या तेव्हा तो म्हणाला, “हा पिंटू काय शूट करतोय? हे कापून टाकूया.” संचिता म्हणाली, “त्याला हात लावायचा नाही.” सोमवारी ती सूरजकडे गेली आणि कोऱ्या सीडींची अख्खी चळत घेऊन आली. सूरजने मागे वळून रिकाम्या झालेल्या जागेकडे बघितलं.

पुढच्या उन्हाळ्यात ती आणि सान्वी मस्कतला गेल्या. सासूबाई गावी रत्नागिरीला राहायला गेल्या, आणि गुरुवारचा डबा थांबला. जाताना संचिताने गुणवंतभाईंना एक सीडी आणि ती वाजवायचं छोटं यंत्र दिलं होतं. पण सीडी फार वाजवली की ओरखडे पडतात, हे तिला माहीत आहे, आणि ती फार वाजणार हेही. मस्कतहून फोन केला तर ते “बरोबर चालतंय” एवढंच म्हणतात. या उत्तरावर तिचा विश्वास नाही.

म्हणून तिची एक विनंती आहे. तुमच्यापैकी कोणी सिल्व्हर पार्कच्या बाजूला राहत असेल, तर एखाद्या गुरुवारी बी विंगच्या तळमजल्यावर जाऊन यावं. हिरवं सेफ्टी डोअर. बेल चालत नाही, कडी वाजवा. रिकाम्या हाताने जाऊ नका, थोडी भाजी न्या, कांदालसूण न घातलेली, आणि निघण्याआधी डब्याचं झाकण उघडून एकदा खात्री करा. आता एक-दोन प्रश्न विचारणार असं वाटण्याइतपत ते तुमच्याकडे रोखून बघतील, त्याचा संशय घेऊ नका. मग जरा वेळ बसा आणि कान देऊन ऐका, हालरडं सलग लागतंय की मध्येच अडकतंय. अडकत असेल तर लगेच कळवा. तिच्याकडे अजून अकरा कॉप्या आहेत.